अष्टमीचे दोन चंद्र

माझ्या आईचा आवाज माझ्याजवळ नऊ सेकंदांपुरता आहे. १९८७ साली घरात टेपरेकॉर्डर आला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. ध्वनिमुद्रण होते की नाही हे पाहण्यासाठी मी बटण दाबून 'हॅलो, हॅलो' असे काहीबाही बोललो, आणि स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अरे, बंद कर ते. गवार निवडायचीय अजून, आणि तू..." तेवढ्यात मी खरोखरच बंद केले. कॅसेटची फीत सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर सरकते. त्या हिशेबाने हा सारा ऐवज साधारण त्रेचाळीस सेंटिमीटर लांबीचा. आई २००९ साली गेली. तिची छायाचित्रे पुष्कळ आहेत. आवाज मात्र एवढाच.

त्या 'तू'नंतर आणि बटणाच्या खटक्यापूर्वी श्वासासारखे काहीतरी ऐकू येते. मला तो नेहमी वैतागाचा उसासा वाटत आला. धाकट्या बहिणीचे म्हणणे याच्या नेमके उलट: "दादा, ती हसायला लागली होती. तुला ऐकूच येत नाही." साहित्य शिकवणाऱ्या माणसाला पाठभेदांची सवय असते. पण दोन्ही पाठ एकाच संहितेत, एकाच जागी असावेत आणि त्यांतून आईच्या मनाविषयी दोन वेगवेगळी विधाने निघावीत, ही अवस्था मला सवयीची नव्हती. गेल्या वर्षी या प्रश्नाचा निकाल लावावा म्हणून मी एका अपरिचित शास्त्राच्या दारात गेलो. तिथे जे शिकलो, ते आईइतकेच वाचनाविषयीही आहे असे वाटते. म्हणून हे टिपण.

दार उघडून दिले ते भाच्याने. तो ध्वनीचे शिक्षण घेतो. त्याने माझ्या संगणकावर 'प्युअर डेटा' नावाचा एक विनामूल्य प्रोग्रॅम बसवून दिला. मिलर पकेट या अमेरिकन गणितज्ञ-संगीतज्ञाने १९८०च्या दशकात पॅरिसच्या इर्काम या संस्थेत असताना 'मॅक्स' नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि १९९०च्या दशकात, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत, 'प्युअर डेटा'. मॅक्स हे नाव मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून पडले. १९५७ साली बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून सतरा सेकंदांची एक रचना वाजवून घेणारे ते हेच.

या प्रोग्रॅममध्ये आज्ञांच्या ओळी लिहाव्या लागत नाहीत. कोऱ्या पानावर लहान लहान चौकटी मांडायच्या आणि त्या तारांनी जोडायच्या. एका चौकटीतून निघालेले दुसरीत जाते, तिथे त्याचे काहीतरी होते, मग ते पुढे वाहते. ज्या चौकटींमधून ध्वनी वाहतो त्यांच्या नावांपुढे लाटेसारखी एक खूण असते आणि त्यांच्या तारा जाड असतात; नुसते निरोप नेणाऱ्या तारा बारीक. वाक्यपृथक्करणाची आकृती फळ्यावर काढणाऱ्या माणसाला हे दृश्य फारसे परके वाटत नाही. फरक एवढाच की इथे आकृती काढून झाली की वाक्य आपोआप बोलू लागते.

पहिली चौकट ऑसिलेटरची. तिला सांगायचे, सेकंदाला २२० आंदोलने. ती तेवढा सूर देते. पण तिला दोन मुखे असतात. डाव्या मुखातून वारंवारता सांगायची हे मला समजले, उजवे कशासाठी, असे विचारल्यावर भाचा म्हणाला, "ते फेजसाठी." आता फेज म्हणजे काय हे तो मला इंग्रजीत समजावू लागला आणि मी अडलो. मग आठवले की मराठी विज्ञानपरिभाषेत या शब्दाला 'कला' हा प्रतिशब्द आहे, आणि दोन लहरींच्या अवस्थांमधल्या अंतराला 'कलांतर' म्हणतात. ज्याने कुणी चंद्राच्या सोळा कलांमधून हा शब्द उचलला, त्याने माझे अर्धे काम करून ठेवले होते.

असे पाहा. अष्टमीचा चंद्र महिन्यातून दोनदा येतो. दोन्ही वेळी तो अर्धाच असतो. कुणी नुसते 'चंद्र अर्धा आहे' एवढेच सांगितले, तर उद्या तो वाढणार की घटणार हे आपल्याला कळत नाही. ते कळण्यासाठी शुक्ल की कृष्ण हे ठाऊक हवे. ध्वनिलहरीचेही असेच. ती वर चढते, खाली उतरते, आणि एका फेऱ्यात दोनदा शून्यातून जाते. एकदा चढताना, एकदा उतरताना. दोन्ही क्षणी मूल्य शून्यच. त्यांना वेगळे करते ती कला. मूल्य म्हणजे आज दिसणारा चंद्र आणि कला म्हणजे त्याची तिथी.

प्युअर डेटामध्ये या दोहोंसाठी दोन वेगळ्या चौकटी आहेत. 'फेझर' नावाची चौकट शून्यापासून एकापर्यंत सरळ चढत जाते आणि एकाशी पोचताच पुन्हा शून्यावर येते. दुसरे काही करत नाही. ते पंचांग. तिच्यातून येणारी तिथी घेऊन 'कोसाइन' नावाची चौकट त्या तिथीचे मूल्य काढते, तो चंद्र. ऑसिलेटर म्हणजे ही दोन्ही एकाच पेटीत बंद केलेली. एका बारकाव्याने मला विशेष मौज वाटली. या ऑसिलेटरचा फेरा पूर्ण मूल्यापासून सुरू होतो, म्हणजे पौर्णिमेपासून. पाव फेरा झाला की कृष्ण अष्टमी, अर्ध्यावर अमावास्या, पाऊण फेऱ्यावर शुक्ल अष्टमी. म्हणजे हे यंत्र उत्तर भारतीयांसारखे पूर्णिमान्त पंचांग पाळते, आपण अमान्त. त्यांचा श्रावण आपल्याआधी पंधरवडाभर सुरू होतो. चंद्र एकच, पण महिना कुठून मोजायचा यात अर्ध्या फेऱ्याचे कलांतर.

याचा व्यवहारात उपद्रव असा, की शांततेतून एकदम ऑसिलेटर सुरू केला तर ध्वनी शून्यावरून थेट पौर्णिमेवर उडी मारतो आणि कानाला 'टक' असे ऐकू येते. त्याला उजव्या मुखातून 'पाऊण' सांगितले की तो शून्यातून चढत निघतो आणि टक जाते. मात्र हा निरोपही हव्या त्या क्षणी पोचत नाही. यंत्र ध्वनीचे नमुने चौसष्टांच्या गटांनी हाताळते आणि कलेविषयीचा निरोप पुढच्या गटाच्या आरंभालाच अमलात येतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर एक गट साधारण दीड सहस्रांश सेकंदाचा. याहून बारीक ताबा हवा असेल तर पेटी उघडावी लागते. फेझर आणि कोसाइन वेगळे करायचे आणि दोहोंच्या मधल्या तारेत हवे तेवढे कलांतर मिळवायचे.

पुढचे दोन-तीन दिवस मी हेच करीत बसलो. एकट्या सुराची कला बदलून पाहिली. ऐकताना काहीही फरक पडला नाही. सूर पावापासून निघाला की अर्ध्यापासून, हे कानाला कळतच नाही. मग तेवढ्याच उंचीचा दुसरा सूर शेजारी ठेवला आणि त्याला अर्ध्या फेऱ्याचे कलांतर दिले. तत्क्षणी दोन्ही नाहीसे झाले. एक चढतो तेव्हा दुसरा तेवढाच उतरतो आणि बेरीज सदैव शून्य. दोन्ही चौकटी चालू होत्या, तारा जोडलेल्या होत्या, आणि खोलीत शांतता होती. दुसरा सूर २२१वर नेला तेव्हा कलांतर आपोआप सरकू लागले आणि सेकंदाला एकदा आवाज फुगू-विरू लागला. तंबोऱ्याची जोड जुळवणारे लोक हा फुगवटा ऐकूनच तार चढवतात-उतरवतात. त्यांच्या कानाला कलांतर फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एकट्याची कला अश्राव्य असते, ती ऐकू येते नात्यात. हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवले, पण अजून आईपर्यंत पोचलो नव्हतो.

तिसऱ्या प्रयोगाने मला मुद्द्याजवळ आणले. मी कलांतर एकदम न देता दोन-तीन सेकंदांत हळूहळू वाढवले. वाढत असेतोवर सूर किंचित चढला. थांबताच मूळ जागी आला. भाच्याला हे अपेक्षितच होते. "वारंवारता म्हणजे फेज बदलण्याचा वेग, मामा. तू फेज हलवलीस म्हणजे तेवढा वेळ वेगच वाढवलास." म्हणजे मी आजवर दोन मुखे वेगळी समजत होतो, पण त्यांच्यात एकच गोष्ट होती: आपण फेऱ्यात कुठे आहोत, आणि ते 'कुठे' किती वेगाने बदलते आहे.

आता आई.

नऊ सेकंदांचे ध्वनिमुद्रण संगणकात घेतले की त्याचा एक तक्ता होतो: ४४,१०० गुणिले नऊ, म्हणजे ३,९६,९०० आकडे, ओळीने मांडलेले. तो वाजवायला वेगळे यंत्र लागत नाही, फेझर पुरतो. नऊ सेकंदांत शून्यापासून एकापर्यंत जाणारी ती चढण आकड्यांच्या संख्येने गुणायची, म्हणजे ती तक्त्याच्या पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत चालत जाते, आणि 'त्या घरात काय आहे?' असे विचारणारी एक चौकट पुढे जोडायची. (दोन घरांच्या मध्ये पाऊल पडले तर ती चौकट आजूबाजूच्या चार घरांवरून मधल्या मूल्याचा अंदाज बांधते.) कोसाइनच्या जागी आईचा तक्ता आला, एवढाच काय तो बदल. चढणीचा वेग निम्मा केला की तिचे बोलणे अठरा सेकंद चाले आणि आवाज एका सप्तकाने खाली, पुरुषी होई. वेगापुढे उणे चिन्ह दिले की ती उलटी बोले.

फेरा संपून पुन्हा सुरू होताना दर वेळी टक असा आवाज येई. याचे कारण मला आता समजू शकत होते. सुराचा फेरा हे वर्तुळ असते, त्याचा शेवट त्याच्या आरंभाला आपोआप मिळतो. बोलणे ही रेषा आहे. ती वाकवून तिची टोके जोडली की सांधा राहतो, आणि ती टक म्हणजे तो सांधा.

मला ऐकायचा होता तो 'तू'नंतरचा श्वास. मी विचार केला की चढण तिथे थांबवावी. फेझरचा वेग शून्य करावा आणि तो क्षण हवा तेवढा वेळ ऐकावा. तसे केले आणि आवाज गेला. तार सुटली असावी म्हणून चौकटी तपासल्या. तारा जागेवर होत्या. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "तू थांबवलंस म्हणूनच गेला. आता दर वेळी एकच आकडा येतोय. बदल नाही, म्हणजे आवाज नाही."

मी खुर्चीत मागे टेकलो. पडद्यावर तो आकडा शून्यापुढे चार दशांश स्थळांपर्यंत स्वच्छ दिसत होता. आईच्या त्या क्षणाचे मूल्य माझ्या हाती होते आणि त्याचा काही उपयोग नव्हता. छायाचित्र थांबलेल्या क्षणाचे असू शकते, आवाज असू शकत नाही. ते ३,९६,९०० आकडे म्हणजेही आवाज नव्हेत. त्यांच्यावरून कुणीतरी चालत गेले, तेवढ्यापुरता तो असतो.

इथे मला माझ्या विषयातली एक गोष्ट नव्याने कळली. जेरार जनेत या फ्रेंच समीक्षकाने १९७२ साली कथनातील काळाची जी मीमांसा मांडली, ती आपण वर्गात शिकवतो: सारांशात कथेचा काळ झपाट्याने जातो, दृश्यात तो कथनाच्या बरोबरीने चालतो, लोपात तो गाळला जातो, आणि विरामात कथेचा काळ थांबतो पण कथन चालू राहते. 'चालू राहते' या शब्दांवरून मी वर्षानुवर्षे घाईने पुढे जात आलो होतो. कादंबरीकार वाड्याचे वर्णन करीत दोन पाने थांबतो तेव्हा कथा उभी असते, पण वाक्ये चालत असतात. दिंडी दरवाजा, मग चौक, मग तुळशीवृंदावन. वाक्येही उभी राहिली तर पान कोरे होईल. एखाद्या क्षणात रेंगाळायचे तर दुसऱ्या कशाने तरी चालतच राहावे लागते.

यंत्रातली युक्ती नेमकी हीच आहे, आणि पकेट यांनी आपल्या २००७च्या ग्रंथात ती सविस्तर सांगितली आहे. तक्त्याचा एक लहानसा तुकडा, माझ्या बाबतीत साठ सहस्रांश सेकंदांचा, म्हणजे २,६४६ आकड्यांचा, मूळ वेगाने वाचायचा. मग मागे येऊन जवळपास तेथूनच पुढचा तुकडा वाचायचा. तुकडा मूळ वेगाने वाचला जातो म्हणून आवाजाची उंची बदलत नाही. तुकड्याची जागा मात्र आपण हवी तितकी सावकाश सरकवू शकतो. प्रत्येक उडीला टक होऊ नये म्हणून तुकडा मंद उगवतो आणि मंद मावळतो, आणि उडी मारली जाते ती तो पूर्ण मावळलेला असताना. पण मग मध्ये मध्ये आवाज बुडणार. म्हणून असे दोन वाचक ठेवायचे, एकमेकांपासून अर्ध्या फेऱ्याच्या कलांतरावर. एक मावळतो तेव्हा दुसरा भरात असतो. मैफलीत गवई श्वास घेतो तेव्हा मागचा तंबोरा धरणारा शिष्य सूर पुढे नेतो, तसे. ज्या कलांतराने दोन सूर परस्परांना पुसून टाकतात, त्याच कलांतराने दोन वाचक परस्परांना सावरतात, हे पाहून मला बरे वाटले.

चौकटी जोडायला दोन रात्री लागल्या. मग शेवटचे सात दशांश सेकंद दहापट सावकाश सोडले. 'तू'मधला 'ऊ' लांबत गेला, विरला, आणि त्यानंतरच्या श्वासात मला लहान लहान ठोके ऐकू आले, एकामागून एक, अगदी हसण्यात असतात तसे. मी बहिणीला फोन केला. म्हटले, तू बरोबर होतीस. ती काही बोलली नाही. बहुधा रडत होती. मीही फार काही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी भाचा आला. त्याने एकदा ऐकले आणि विचारले, "तुकडा केवढा ठेवलायस?" मग साठाचे नव्वद केले, ठोके सावकाश झाले. चाळीस केले, ठोके दाट झाले. आईचे हसणे माझ्या आकड्याप्रमाणे बदलत होते. ते तिचे नव्हतेच. माझे दोन वाचक आळीपाळीने उगवत-मावळत होते, त्यांची ती धडधड होती. वाचनपद्धतीची लय मी संहितेची लय समजून बसलो होतो. ही चूक विद्यार्थ्यांच्या प्रबंधांमध्ये मी लाल शाईने किती वेळा दाखवली असेल, त्याची गणती नाही.

बहिणीला पुन्हा फोन करणे आले. तो केला. ती एवढेच म्हणाली, "मग उसासा होता का?"

उत्तर देण्यापूर्वी मी पुन्हा ऐकायला बसलो, या वेळी तुकड्याची लांबी सतत बदलत. जे लांबीबरोबर बदलेल ते यंत्राचे, जे बदलणार नाही ते फितीवरचे, असा साधा निकष ठेवला. ठोके गळून पडले. टिकली ती एकच गोष्ट: तो श्वास खटक्यापर्यंत वाढत जातो. प्रत्येक लांबीला, प्रत्येक वेगाला तो चढतच होता. उसासा असता तर तो सुरुवातीला भरलेला आणि पुढे ओसरणारा असता. तेव्हा तो उसासा नव्हे, असे मला वाटते. पण ते हसूही असेलच असे नाही; बोलण्यापूर्वी माणूस श्वास घेतो, तसाही तो असू शकेल. मूल्य अर्धे आहे आणि पक्ष शुक्ल आहे, एवढेच पंचांग सांगते. पुढची पौर्णिमा कशाची होती हे १९८७मधल्या एका चौदा वर्षांच्या मुलाने बटण दाबून कायमचे कापून टाकले. बहिणीला मी सांगितले, "उसासा नव्हता. ती पुढे काहीतरी म्हणणार होती." ती म्हणाली, "तुलाच म्हणणार होती."

शेवटची एक गोष्ट. नऊ सेकंदांच्या त्या फेऱ्यातली टक अजून तशीच आहे. ती काढणे सोपे असते. शेवटच्या थोड्या भागाला उतार द्यायचा, आवाज हळूहळू शून्यावर आणायचा, म्हणजे सांधा ऐकू येत नाही. भाच्याने तसे करूनही दाखवले. ऐकायला ते फार सफाईदार वाटले. पण उतार दिला की तो चढता श्वास शेवटी ओसरू लागतो, आणि ऐकणाऱ्याला तो पुन्हा उसासाच वाटतो. मी भाच्याला तो उतार काढून टाकायला सांगितले.